हिरोशिमाची माझदा आणि ते गोल फिरणारं इंजिन

[जुने कृष्णधवल फोटो. नदी, ट्राम, गल्ल्या.]

६ ऑगस्ट १९४५. हिरोशिमात सकाळी सकाळी एक म्हातारा माणूस न्हाव्याच्या दुकानातून बाहेर पडतोय. आज त्याला सत्तर वर्षं पूर्ण झालीत, वाढदिवस आहे, म्हणून कामावर जायच्या आधी शहरात येऊन केस कापून घेतलेत आणि आता गाडीत बसून तो आपल्या कारखान्याकडे निघालाय. त्याचं नाव जुजिरो मात्सुदा. थोड्याच वेळात, ८ वाजून १५ मिनिटांनी, त्या शहरावर अणुबॉम्ब फुटतो. मात्सुदा वाचतो. न्हाव्याचं दुकान होतं तो शहराचा भाग, जिथे तो नुकताच बसला होता, तो राहत नाही.

त्याचा कारखाना होता फुचू नावाच्या गावात, शहराला लागूनच, बॉम्ब फुटला तिथून साधारण ५ किलोमीटर. मधे हिजियामा नावाची छोटी टेकडी आहे. तिच्यामुळे धक्का थोडा अडला असं मानलं जातं. काचा गेल्या, छपरं गेली, पण इमारती उभ्या राहिल्या. मात्र कंपनीतली शंभराहून जास्त माणसं त्या दिवशी गेली, कारण बरेच जण तेव्हा शहरात होते.

मित्रांनो, आज आपण ज्या कंपनीबद्दल बोलणार आहोत ती ही. माझदा.

आता तुम्ही म्हणाल माझदाची कार तर आपल्याकडे रस्त्यावर दिसतच नाही. बरोबर आहे, माझदाने भारतात कधी कार विकायला आणलीच नाही. पण नाव आपल्या ओळखीचं आहे. स्वराज माझदा आठवते? १९८०च्या दशकात पंजाबात जपानी भागीदारीतून सुरू झालेली कंपनी, तिच्या मिनी बस आणि छोटे ट्रक आपल्याकडे कितीतरी वर्षं पळले, शाळेची बस म्हणून, लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी म्हणून. त्या पाटीवरचा 'माझदा' हा शब्द कुठून आला हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही.

तर मागे जाऊ.

जुजिरोचा जन्म १८७५चा, हिरोशिमाजवळच्या कोळ्याच्या घरात. वडील लवकर गेले. पोरवयातच तो ओसाकाला जाऊन लोहाराच्या हाताखाली काम शिकला, पुढे पंप बनवले, धंदा उभा केला, धंदा हातातून गेला, परत उभा केला. म्हणजे चाळिशी ओलांडेपर्यंत त्या माणसाचं सगळं पाहून झालं होतं.

१९२० साली हिरोशिमात एक कंपनी निघाली, तोयो कॉर्क कोग्यो. हो, कॉर्क, बाटलीचं बूच असतं ते. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून कॉर्क येणं अवघड झालं होतं म्हणून जपानमधल्याच एका झाडाच्या सालीपासून ते बनवायचं असा धंदा. मात्सुदा पुढच्याच वर्षी तिचा अध्यक्ष झाला. पण युद्ध संपलं, बाहेरचा माल परत यायला लागला आणि वर १९२५ मध्ये कारखान्याला आग लागली. मग त्याने ठरवलं की आता यंत्रं बनवायची, कारण मुळात तो लोखंडातला माणूस. १९२७ मध्ये नावातला कॉर्क गेला, उरलं तोयो कोग्यो.

आणि १९३१ मध्ये आली माझदा-गो. तीन चाकी. पुढे मोटारसायकलसारखं हँडल, मागे माल टाकायचा हौदा. आपल्याकडे पुढे जो तीन चाकी टेम्पो गावोगाव दिसायला लागला ना, त्याचाच जपानी चुलतभाऊ समजा. जपानी लोक अशा गाड्यांना प्रेमाने बातान्को म्हणायचे, त्या फटफट आवाजावरून.

आता नावाचं. मात्सुदा आणि माझदा, आडनाव तर आहेच. जपानीत आजसुद्धा कंपनीचं नाव मात्सुदा असंच लिहितात. पण रोमन लिपीत जे लिहितात त्यामागे आहे अहुर मझ्द. आपल्या मुंबईत, पुण्यात, उदवाड्यात अग्यारीत ज्याची प्रार्थना होते तो पारशी लोकांचा परमेश्वर, ज्ञानाचा स्वामी. हिरोशिमाच्या तीन चाकी टेम्पोवर इराणच्या प्राचीन धर्मातलं नाव, आणि तेच नाव पन्नासेक वर्षांनी पंजाबातून फिरून परत पारशांच्या मुंबईत बसच्या पाटीवर. मला हा प्रवास फार सुंदर वाटतो.

[बॉम्बनंतरचं हिरोशिमा. फोटो थांबवून ठेवणे.]

परत १९४५ला येऊ. शहर गेलं होतं. सरकारी कार्यालयं गेली होती. तेव्हा ज्या काही मोठ्या इमारती धड उभ्या होत्या त्यात या कारखान्याची एक, म्हणून जिल्ह्याचा कारभार जवळजवळ वर्षभर तिथून चालला. एकीकडे हॉलमध्ये सरकारी टेबलं आणि दुसरीकडे डिसेंबर १९४५ मध्ये, म्हणजे फक्त चार महिन्यांत, तीन चाकी गाड्या बनवणं परत सुरू. थोड्याच बनल्या. पण जिथे राडारोडा उचलायला, लाकूड आणायला, तांदूळ पोचवायला काहीच उरलं नव्हतं तिथे अशी एक एक गाडी म्हणजे काय असेल याचा विचार करा.

जुजिरो १९५२ मध्ये गेला. मुलगा त्सुनेजी मात्सुदा आधीच अध्यक्ष झाला होता. १९६० मध्ये पहिली कार आली, आर३६०, छोटीशी, किंमत ३ लाख येन, आणि ती चांगली खपली. पण वर टोकियोत सरकारचं वेगळंच चाललं होतं. तिथल्या उद्योग मंत्रालयाला वाटत होतं की देशात कार कंपन्या फार झाल्या, मोजक्याच मोठ्या ठेवाव्या आणि बाकीच्यांनी त्यांच्यात विलीन व्हावं. हिरोशिमाची कंपनी त्या बाकीच्यांत होती. त्सुनेजीला असं काहीतरी हवं होतं जे दुसऱ्या कुणाकडे नाही. ते त्याला जर्मनीत सापडलं.

आपल्या नेहमीच्या इंजिनमध्ये पिस्टन वर-खाली होतो आणि ते वर-खाली मग क्रँकने गोल फिरवावं लागतं. फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन माणसाच्या डोक्यात होतं की पहिल्यापासून गोलच का नको? त्याच्या इंजिनात पिस्टनच नाही, व्हॉल्व्ह नाहीत. शेंगदाण्याच्या टरफलासारखं मधे किंचित दाबलेलं घर, आत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर, फिरतो आणि फिरता फिरता हवा-पेट्रोल ओढणं, दाबणं, जाळणं, धूर बाहेर टाकणं सगळं होतं. छोटं, हलकं, थरथर जवळजवळ नाहीच. हेच रोटरी इंजिन. एनएसयू नावाच्या जर्मन कंपनीकडे याचे हक्क होते आणि १९६१ मध्ये त्सुनेजीने भरपूर पैसे मोजून लायसन्स घेतलं.

इंजिन आलं, चालवलं, आणि बिघडलं.

त्या त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना पट्ट्या असतात, सील, त्यांनी भिंतीला सतत चिकटून राहायचं, नाहीतर गॅस एका खणातून दुसऱ्यात जातो. तर या पट्ट्या फिरताना थरथरायच्या आणि आतल्या भिंतीवर ओरखडे पाडायच्या, लाटांसारखे, एकामागे एक. हिरोशिमाच्या इंजिनिअर लोकांनी त्या ओरखड्यांना नाव दिलं, सैतानाच्या नखांचे व्रण. शिवाय इंजिन तेल प्यायचं आणि पांढरा धूर ओकायचं.

हे काम दिलं केनिची यामामोतोला. हा मुलगा हिरोशिमात वाढलेला, टोकियोच्या मोठ्या विद्यापीठातून इंजिनिअर झालेला, पण युद्धानंतर परत आला तेव्हा काम काय मिळालं तर कारखान्यात तीन चाकीचे गिअरबॉक्स जोडायचं. तिथून वर आलेला माणूस. १९६३ मध्ये त्याच्या हाताखाली ४७ जणांचा विभाग झाला, आणि ४७ हा आकडा जपानमध्ये साधा नाही, धन्यासाठी जीव द्यायला निघालेल्या ४७ सामुराईंची गोष्ट तिथे पोराटोरांना माहीत असते.

किती इंजिनं त्यांनी फोडून पाहिली असतील. कित्येक धातू, कित्येक आकार. शेवटी लक्षात आलं की प्रश्न पट्टीच्या कडकपणाचा नाहीये, तिच्या थरथरण्याच्या लयीचा आहे. पट्टीत आडवी-उभी भोकं पाडली, लय बदलली, आणि ओरखडे गेले. मग रस्त्यावरच्या गाडीसाठी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेल्या पट्ट्या केल्या. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली, दोन रोटर, बुटकी, लांबट, अंतराळातून उतरल्यासारखी. सगळ्या मिळून १,१७६ बनल्या, जवळपास हाताने. एनएसयूने स्वतः त्याच वर्षी रोटरीची मोठी कार काढली पण तिची सीलं झिजायला लागली, वॉरंटीचा खर्च अंगावर आला आणि दोन वर्षांत ती कंपनी फोक्सवॅगनच्या पोटात गेली. मर्सिडीज, जनरल मोटर्स, सगळ्यांनी रोटरीला हात लावला आणि सगळ्यांनी सोडली. राहिली एकच कंपनी.

आणि मग १९७३. तेलाचं संकट. रोटरीचा मोठा दोष तोच, पेट्रोल फार पिते. आतल्या लांबट, चपट्या जागेत इंधन नीट, पूर्ण जळत नाही, कितीही करा. अमेरिकेत माझदाचा खप कोसळला, गाड्या पडून राहिल्या, कंपनी बुडायला आली. सुमितोमो बँक धावून आली, मात्सुदा घराण्याचा कारभार गेला, १९७९ मध्ये फोर्डने २५ टक्के हिस्सा घेतला.

इथे दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एक म्हणजे कंपनीने जपानमधले कारखान्यातले हजारो कामगार काढून टाकण्याऐवजी शोरूमवर पाठवले. ज्यांनी आयुष्यभर नट आवळले ते सूट घालून दारोदार कार विकायला गेले. आणि दुसरी, हिरोशिमाचे लोक. दुकानदार, कारखानदार, सगळ्यांनी मिळून गावात मोहीम काढली की गाडी घ्यायची तर माझदाच घ्या. राखेतून ज्या कंपनीच्या टेम्पोने वीट-लाकूड वाहिलं तिला ते विसरले नव्हते.

आणि यामामोतो? सगळे म्हणत होते रोटरी बंद करा. त्याने मायलेज ४० टक्के वाढवायचं काम हातात घेतलं, फिनिक्स नाव दिलं त्याला, आणि १९७८ मध्ये आरएक्स-७ आली. खूप खपली. पुढे १९८४ मध्ये तोच माणूस कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षी कंपनीने स्वतःचं नाव अधिकृतपणे माझदा केलं.

[१९९१. ल मान्सचा ट्रॅक. केशरी-हिरवी गाडी. आधी फक्त आवाज, चित्र नंतर.]

हा आवाज हेडफोन लावून ऐका. चार रोटर, सुमारे ७०० हॉर्सपॉवर. गाडीचं नाव ७८७बी, नंबर ५५. फ्रान्समधली २४ तासांची ल मान्स शर्यत, जी तोपर्यंत कुठल्याही जपानी कंपनीने जिंकली नव्हती. माझदा १९७०च्या दशकापासून तिथे रोटरी घेऊन जात होती आणि हरून परत येत होती. आणि पुढच्या वर्षी नियम बदलून रोटरीला दार बंद होणार होतं, म्हणजे ही शेवटची संधी.

पुढे मर्सिडीज होती, बराच पुढे. पण माझदाला वजनाच्या नियमात सवलत मिळाली होती, गाडी ८३० किलोची, बाकी मोठ्या गाड्या हजारावर, आणि ही सवलत मिळवायला टीमचे प्रमुख ताकायोशी ओहाशी यांनी किती खटपट केली ती वेगळीच गोष्ट. शर्यत संपायला तीन तास असताना मर्सिडीज गरम होऊन थांबली. ५५ नंबर पुढे आली. आत जॉनी हर्बर्ट होता, त्याने शेवटी सीट सोडलीच नाही, ३६२ फेऱ्या पूर्ण झाल्या, आणि गाडीतून उतरल्यावर तो अंगातलं पाणी संपून इतका गळून गेला की मंचावर जाऊच शकला नाही. त्याचे दोन साथी चालक, बर्ट्रांड गाशो आणि फोल्कर वाइडलर, त्याच्याशिवाय उभे राहिले. दोन, तीन आणि चार नंबरला जग्वार. आजपर्यंत रोटरीने जिंकलेली ती एकमेव ल मान्स आहे. दुसरी जपानी कंपनी तिथे जिंकायला २०१८ साल उजाडलं.

पण माझदाचं आजचं नाव नुसतं रोटरीवर नाही. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्यांनी एमएक्स-५ आणली, दोन सीटची, छप्पर उघडणारी, साधं १.६ लिटर पिस्टन इंजिन. ब्रिटिश कंपन्यांनी अशा गाड्या जवळपास सोडल्याच होत्या, आणि त्या सारख्या बिघडायच्याही. माझदाने न बिघडणारी बनवली. २०१६ मध्ये दहा लाखावी बाहेर पडली. तिच्यामागचा विचार ते जिन्बा इत्ताई या शब्दात सांगतात, घोडा आणि स्वार एक होणं. आपण म्हणतो ना, घोड्यावर मांड पक्की पाहिजे, तसंच. आणि हे फक्त स्पोर्ट्स कारपुरतं नाही, त्यांच्या साध्या फॅमिली कारचंही स्टिअरिंग, पेडल, बसण्याची जागा अशीच घासून घासून जमवलेली असते, म्हणून कार चालवायची हौस असलेल्यांना माझदा आवडते.

वाईटही सांगायला पाहिजे. २००३च्या आरएक्स-८ची इंजिनं पुष्कळ लोकांना महागात पडली, तेल-पेट्रोलचा खर्च तोच जुना, आणि २०१२ मध्ये ती बंद झाली. त्या काळातल्या काही गाड्या थंड देशांत मीठ टाकलेल्या रस्त्यांवर लवकर गंजल्या. २०२४ मध्ये तर टोयोटा, होंडा, सुझुकीसोबत माझदानेही कबूल केलं की सरकारी मंजुरीच्या चाचण्यांत गैरप्रकार झाले. ज्या कंपनीचा सगळा मान प्रामाणिक इंजिनिअरिंगवर उभा आहे तिच्याकडून हे ऐकून वाईट वाटलं, मला तरी खूप. दुसऱ्या बाजूला २०२० मध्ये अमेरिकेच्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने कमी बिघडणाऱ्या ब्रँडच्या यादीत माझदाला पहिला नंबर दिला होता. दोन्ही खरं आहे.

यामामोतो २०१७च्या डिसेंबरमध्ये गेले, वय ९५. तेव्हा कुठलीच रोटरी कार बनत नव्हती.

[हिरोशिमातला आजचा कारखाना.]

२०२३ मध्ये रोटरी परत आली. एमएक्स-३० नावाच्या गाडीत, एकच रोटर, ८३० सीसी, आणि ती चाकं फिरवत नाही, बॅटरीसाठी वीज बनवते. छोटं, हलकं, थरथर नसलेलं इंजिन, या कामाला अगदी बरोबर. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हिरोशिमात रोटरीचा वेगळा विभाग परत सुरू झाला. यावेळी माणसं ३६.