आठ मीटरवरचे पुतळे

नमस्कार श्रोतेहो. गोव्यातल्या ग्रांदे बेटाजवळ डायव्हिंग शिकून झालं, आता परदेशी जाऊन पाण्याखालचे पुतळे बघायचे, असा बेत कोणी आखत असाल, तर बुकिंगआधी खोली विचारा.

मेक्सिकोत कॅनकूनच्या पाण्याखालच्या संग्रहालयात ५०० च्या आसपास पुतळे आहेत, पण ते एका जागी नाहीत. पुंता निझुकचा भाग जेमतेम ४ मीटरवर, तिथं फक्त स्नॉर्कलिंग. सिलिंडर लावून जायचं ते मांचोनेसला, ८ मीटरवर. ऑस्ट्रेलियातलं कोरल ग्रीनहाऊस, तेही पाण्याखालचं संग्रहालयच, १८ मीटरवर टेकलेलं आहे. जागेचं नाव नीट विचारलं नाही, तर नळी तोंडात धरून वरूनच बघून परत यायची वेळ येते.

आता हवेचा हिशेब. सर्रास मिळणारं अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर ११ लिटरचं. २०० बार दाबाला भरलं, की २२०० लिटर हवा. शेवटचे ५० बार राखीव, म्हणजे हातात १६५० लिटर. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर ओढतो. ८ मीटरवर दाब १.८ पट, तेव्हा ३६ लिटर, म्हणजे ४५ मिनिटं. १८ मीटरवर तीच हवा २९ मिनिटांत संपते. आणि घाबरून किंवा प्रवाहाशी झगडत ३० लिटरनं श्वास घेतला, तर ८ मीटरवरसुद्धा अर्ध्या तासात खेळ आटोपला. म्हणून १०० बारला होडीच्या दोरीकडं वळायचं, हे जोडीदाराशी वरच ठरवा.

पण खरी गोम हवेत नाही, तरंगण्यात आहे. पहिल्या १० मीटरांतच दाब दुप्पट होतो, त्यामुळं तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटमधली हवा इथं सर्वांत जास्त फुगते नि आकसते. अर्धा मीटर वर गेलात, की आणखी वर ओढले जाता. उथळ डायव्ह सोपी म्हणणाऱ्यांच्या पायातले फिन्स, म्हणजे रबरी पंखे, वाळूत घासताना दिसतात, ते यामुळंच.

बुडण्यासाठी कमरेला बांधायचं शिसं होडीपाशीच तपासा. जॅकेट रिकामं, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारं यंत्र, तोंडात, नेहमीचा श्वास धरून ठेवलात की पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं. श्वास सोडला, की बुडायला हवं. सिलिंडर भरलेलं असेल तर यात २ किलो वाढवा, कारण वापरायची ती १६५० लिटर हवा जवळजवळ तेवढ्याच वजनाची असते. ही वाढ विसरलात, तर वर येताना ५ मीटरवर घ्यायच्या थांब्याला बुचासारखे वर याल. उलट भीतीपोटी शिसं जास्त बांधलं, तर पाय खाली लोंबकळतात. स्पेनच्या लांझारोते बेटासारख्या थंड पाण्यात जाडा सूट लागतो, तिथं ही तपासणी पुन्हा करा.

पुतळ्याच्या गालावर बारीक केसांसारखी पिसं दिसतील. ती हायड्रॉइड या डंख मारणाऱ्या समुद्री जीवाची, हात लागला, की आग होते. पुतळ्यांचं सिमेंट मुद्दाम खरबरीत ठेवतात, पोवळ्याच्या अळ्यांना चिकटायला जागा मिळावी म्हणून. फोटोसाठी खांद्यावर टेकवलेला एक हात ती वाढ चिरडतो. फिनने उडवलेली वाळूही पोवळ्यांवर बसते. म्हणून वरखाली लाथा नकोत. गुडघे वाकवून बेडकासारखे पाय मारा.

वर लाट असेल, तर खाली पाणी पुढंमागं ढकलतं. त्याच्याशी भांडू नका, २ मीटर अंतर राखून त्याच्याबरोबर हला. पुतळ्यांच्या मधल्या फटीत त्या दिवशी अजिबात शिरायचं नाही.

आणि परतीचं विमान. एका डायव्हनंतर किमान १२ तास, रोज डायव्ह केल्या असतील तर १८ तास. शेवटचा दिवस कोरडाच ठेवा.

सराव इथंच होतो, ऑक्टोबर ते मे. ५ मीटरवर ३ मिनिटं, हात न हलवता, खोलीचा काटा अर्धा मीटरही ढळू न देता. ते जमेपर्यंत कॅमेरा होडीतच राहू दे.