मशीन मांडीचं, काम खुब्याचं

मंडळी, आजचा विषय जिममधली ती दोन मशीनं, ज्यांवर बसल्यावर नजर कुठे ठेवावी हेच कळत नाही. हसताय म्हणजे बसून आला आहात. गुडघे जवळ आणायचे ते ॲडक्टर, लांब न्यायचे ते ॲबडक्टर. लॅटिनमध्ये ‘ॲड’ म्हणजे कडे, ‘ॲब’ म्हणजे पासून दूर. इतकी वर्षं शरीररचना शिकवतोय, पण फळ्यावर हे दोन शब्द लिहिताना माझा खडू अजून अडखळतो. आणि ही मशीनं नेमकी दाराकडे तोंड करून का मांडतात? येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत आपण मांड्या फाकवून करायचं!

माझा पहिला दिवस सांगतो. ॲडक्टरला बाजूला एक दांडा असतो. तो ओढला की गाद्या जवळ येतात, पाय अडकवायचे आणि हळूच दांडा सोडायचा. मी पडलो मास्तर, मला कोण शिकवणार? आधीच्या माणसानं लावलेलं वजन तसंच ठेवलं, पाय किती उघडणार हेही पाहिलं नाही, आणि सोडला दांडा. माझे दोन पाय दोन दिशांना निघाले. पाचही ॲडक्टर स्नायूंची नावं मला पाठ होती, त्यातला एकही मदतीला आला नाही. दांडा हाताशीच होता. पण घाबरलेल्या माणसाला आपल्याला हात आहेत हे आठवत नाही. शेवटी शेजारच्या मशीनवरून एक आजी उठल्या, दांडा ओढून मला सोडवलं आणि म्हणाल्या, “आधी दोनच प्लेटा लावाव्यात, बाळा.” मग माझ्याच जागी बसून त्याच वजनावर त्यांनी पंधरा वेळा गुडघे मिटले. मी मोजले ना!

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. म्हणजे मूळ मुद्दा राहिलाच. भराभर सांगतो.

मांडीची चरबी उतरवायला या मशीनवर बसू नका. चरबी कुठली आधी जाणार ते शरीर ठरवतं, राबणारा स्नायू नाही. दुसरं, बाहेरच्या मांडीचं म्हणतात ते मशीन मांडीसाठी नाहीच. मांडीला बाहेरून हात लावा. खाली लागतो तो व्हास्टस लॅटरॅलिस, त्याचं काम गुडघा सरळ करायचं. ॲबडक्टरवर राबतो मुख्यतः ग्लूटियस मीडियस, खुब्याच्या वर, कमरेच्या हाडाच्या कडेखाली. चालताना दर पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो. तेव्हा पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचं हाडांचं कडं, दुसऱ्या बाजूला कलू न देणारा तोच. तो दुबळा पडला की माणूस झोकांड्या देत चालतो, हे जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्गनं 1895 सालीच मांडलं होतं.

आतल्या बाजूचा सगळ्यांत मोठा, ॲडक्टर मॅग्नस, खोल बैठकीतून उठतानाही जोर लावतो. म्हणजे बैठका मारणाऱ्यांचा तो थोडाफार तयार असतोच. पण धावता धावता एकदम वळणाऱ्या, चेंडूला लाथ मारणाऱ्या खेळाडूंच्या जांघेत तिडीक भरते ती बहुधा याच ॲडक्टर स्नायूंच्या घरात, त्यांनी आतलं मशीन टाळू नये.

खोट एकच. इथे खुबा वाकवून बसावं लागतं, चालताना तो जवळजवळ सरळ असतो. म्हणून आठवड्यातून एखाद दिवस केबल मशीनचा पट्टा घोट्याला बांधून उभ्यानंही करा. वजन असं की बारा ते पंधरा वेळा जमेल, दोन-तीन सेट. वजन परत खाली आणताना तीन आकडे मोजा. प्लेटा खणखणल्या तर समजा, वजन तुम्ही आणलं नाही, टाकलं. ताण जाणवावा, पण जांघेत दुखायला लागण्याआधी थांबा.

चिठ्ठी आलीय: “आधी आतलं की बाहेरचं?” कुठलंही. एकाचा सेट, मग दुसऱ्याचा. तेवढ्यात पहिल्याला विसावा मिळतो. फक्त बसण्याआधी दांडा कुठे आहे तो पाहून ठेवा.