ताबो : मातीवर उभी हजार वर्षं

हिमाचल प्रदेशातलं स्पीतीचं खोरं. उंची तीन हजार मीटरच्या वर. उघडेबोडके डोंगर, पायथ्याशी नदी, आणि गावालगत या बसक्या, मातीनं लिंपलेल्या इमारती. लांबून धान्याची कोठारंच वाटावीत. हा ताबोचा बौद्ध मठ. स्थापना इ.स. 996.

याला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात. आपल्या कानांना ते गोड लागतं. पण अजिंठ्याच्या चित्रांमागे सह्याद्रीचा कातळ आहे. इथे गिलावा मातीचा, त्यामागची भिंत कच्च्या विटांची, मूर्तीसुद्धा मातीच्या.

चला, मुख्य मंदिरात जाऊ. सावकाश. डोळे अंधाराला सरावू द्या. उजेड येतो तो छतातल्या झरोक्यातून, तेवढाच. हळूहळू भिंतींवरून मूर्ती पुढे येऊ लागतात. एक, दोन... बत्तीस. जमिनीपासून वर, जणू अधांतरी बसलेल्या. आणि पुढे चारी दिशांना तोंड केलेला वैरोचन, म्हणजे इथला मध्यवर्ती बुद्ध. हे वज्रधातू मंडल आहे, म्हणजे मध्ये वैरोचन आणि भोवती देवता असा बौद्ध विश्वाचा आराखडा. एरवी मंडल कापडावर रंगवलेलं बघतो. इथे आपण त्याच्या आत उभे आहोत!

मूर्तींच्या खाली सुधनाची गोष्ट रंगवली आहे. ज्ञानासाठी एका गुरूकडून दुसऱ्याकडे भटकणारा हा तरुण. चित्रांसोबत तिबेटी लिपीत मजकूर. रेषेवर काश्मिरी कलेची छाप. बोधिसत्त्वांच्या वस्त्रांवरची नक्षी तर बघतच राहावी.

मठ उभारला पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ यानं. 46 वर्षांनी त्याच्याच घराण्यातल्या जंगछुप-ओनं जीर्णोद्धार केला. ही नोंद इथल्याच भिंतीवर आहे. मूर्ती, चित्रं, लेख, सारं मूळ जागी, एकमेकांच्या सोबतीनं. येशे-ओनंच उभारलेल्या तिबेटमधल्या थोलिंग मठाची चीनच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात अपरिमित नासधूस झाली. म्हणून ताबोच्या या भिंती इतक्या मोलाच्या.

1975च्या भूकंपानं मठ हादरला. पुढे शेजारी नवं सभागृह बांधलं गेलं. लामा इथे आजही राहतात, पठण चालतं. मठ नांदता आहे.

माती टिकली, कारण स्पीतीत पाऊस जेमतेम. छतही मातीचंच; हिवाळ्यात त्यावर साचलेलं बर्फ वेळेवर ओढून टाकावं लागतं. आता इथे पावसाच्या सरी येऊ लागल्यात. छतातून पाणी झिरपतं. जरा वर बघा, झरोक्याच्या उजेडात. चित्रांवरून खाली उतरलेले ते मातकट ओघळ दिसतात?