हरकत, अनामत आणि उघडलेलं इंजिन

(दृश्य: चेकर्ड झेंडा. गाड्या वेग कमी करत कुंपण घातलेल्या आवारात शिरतात.)

शर्यत संपली, पण निकाल अजून कच्चा आहे. पुढे आलेल्या गाड्या आपापल्या तंबूकडे न जाता थेट या आवारात आणल्या जातात. याला इंपाउंड म्हणतात. इथे परवानगीशिवाय गाडीला हात लावता येत नाही. आधी चालकासकट वजन होतं, मग तपासनीस बॉनेट उघडायला सांगतात.

ही अमेरिकेतली हौशी शर्यत आहे. १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, अशा शर्यती भरवतो. चालक स्वतःच्या पैशाने येतात आणि झेंडे दाखवणारे, वजन करणारे, गाड्या तपासणारे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. प्रत्येक गाडीचं इंजिन खोलून बघायला त्यांच्याकडे ना वेळ असतो ना माणसं. त्यामुळे नियम सांभाळण्याचं काम स्पर्धकांवरच येतं आणि त्यासाठी नियमावलीने त्यांना लेखी हरकतीचा हक्क दिला आहे.

(दृश्य: टेबलावर अर्ज, शेजारी पैसे मोजणारे हात.)

हरकत घ्यायची मुदत थोडीच असते. 'त्याची गाडी फार पळते' एवढं लिहून चालत नाही. कॅमशाफ्ट (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे वॉल्व, उघडणारा दांडा), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते), सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग), ज्यावर शंका असेल त्याचं नाव घालावं लागतं. फी भरावी लागते आणि इंजिन उघडायचं असेल तर अनामतही ठेवावी लागते. खोलण्याचा, पुन्हा जोडण्याचा आणि नव्या गॅस्केटचा खर्च त्यात धरतात. गाडी नियमात निघाली तर ही अनामत समोरच्याला मिळते. नियमाबाहेर निघाली तर हरकत घेणाऱ्याला पैसे परत मिळतात आणि खर्च गाडीवाल्यावर पडतो. इंजिन उघडायला नकार दिला, तर त्याची शिक्षा होते.

ही व्यवस्था मला न्याय्य वाटते. संशय घेणाऱ्याला त्याची किंमत मोजायची तयारी ठेवावी लागते, त्यामुळे कोणी उगाच कुणाच्या इंजिनावर पाने चालवत नाही. हरकत घेणाऱ्याला पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्यांचे तंबू असतात त्या जागेत, चुगलखोर म्हणतात, ते मात्र चूक आहे. तो नियमाने दिलेला हक्क उघडपणे, सही करून वापरत असतो.

(दृश्य: उलटं ठेवलेलं सिलिंडर हेड, त्यावर पारदर्शक काच.)

आता खरं काम. इंजिन गाडीवाल्याची माणसंच खोलतात, तपासनीस शेजारी उभे राहून बघतात. हेड टेबलावर उलटं ठेवून ज्वलनकक्षावर छिद्र असलेली पारदर्शक पट्टी ग्रीस लावून बसवतात. त्या छिद्रातून ब्युरेटने, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीने, पातळ द्रव सोडतात. हवेचा शेवटचा बुडबुडा निघून गेला की ब्युरेटवर आकडा वाचायचा, म्हणजे आत किती द्रव मावला ते कळतं.

त्या आकड्याचं मोल समजून घेऊ. माझदा मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनात एका सिलिंडरची क्षमता सुमारे ३९९ सीसी आणि मूळ कॉम्प्रेशन ९.४ ला १. म्हणजे पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरते जेमतेम साडेसत्तेचाळीस सीसी जागा. हेडचा पृष्ठभाग थोडा घासून ती फक्त एका सीसीने कमी केली, तरी कॉम्प्रेशन ९.६ च्या घरात जातं. बाहेरून कुणाला काही दिसत नाही, ब्युरेटला मात्र दिसतं.

कॅमशाफ्टसाठी क्रँकवर, म्हणजे पिस्टन जोडलेल्या मुख्य दांड्यावर, अंशांची चकती आणि वॉल्वच्या बाजूला बारीक हालचाल मोजणारं डायल गेज लावतात. क्रँक हळूहळू फिरवत, कोणत्या अंशाला वॉल्व किती उचलला, ते टिपून मूळ आकड्यांशी ताडतात. हेड न काढता, स्पार्क प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन मोजणारं व्हिस्लर नावाचं यंत्रही आहे. त्यामुळे तपासणीची पहिली पायरी खूप सोपी झाली.

पण काही गोष्टी आकड्यात बसत नाहीत, आणि खरा तंटा तिथेच उभा राहतो.

(दृश्य: लगुना सेकाचा ट्रॅक.)

२०१४. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेकाच्या ट्रॅकवर एससीसीएची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, म्हणजे रनऑफ्स. स्पेक मियाटा या गटात सगळ्यांकडे माझदा मियाटाच असते आणि इंजिनात फारसं काही बदलता येत नाही. शर्यतीनंतर पुढच्या गाड्यांची हेड्स उघडली आणि आघाडीचे कित्येक स्पर्धक बाद ठरले.

वाद होता वॉल्व सीटच्या, म्हणजे बंद झालेला वॉल्व ज्यावर टेकतो त्या कड्याच्या, अगदी खालच्या बोटभर जागेचा. आत येणारी हवा तिथे वळून सिलिंडरमध्ये उतरते. मशीनने सीट कापली की काप आणि ओतीव धातू जिथे भेटतात तिथे धारदार कड राहते. ती कड घासून वळण गुळगुळीत केलं की हवा सुरळीत वाहते आणि थोडी ताकद वाढते. एससीसीएच्या नियमावलीचं मूळ तत्त्व असं, की जे करायला स्पष्ट परवानगी नाही ते करायचं नाही. त्यामुळे शिक्षा नियमाला धरूनच होती.

तरीही तो निकाल मला अर्धवट वाटतो. हीच गोष्ट एकाच वेळी इतक्या हेड्समध्ये सापडते, तेव्हा ती एकट्यादुकट्याची लबाडी उरत नाही. बरेच चालक हेड बाहेरून तयार करून घेतात आणि आतलं वळण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं. जबाबदारी मात्र त्यांचीच असते. आणि वळण घासलंय की कारखान्यातूनच तसं आलंय, हे फक्त नजरेने ठरवणं तपासनिसावरही अन्याय आहे. पुढे हेडचा नियम नव्याने लिहिला गेला आणि त्या जागेत किती काम चालेल हे स्पष्ट झालं. हे आधीच व्हायला हवं होतं.

(दृश्य: बोल्टवर बसवलेलं सील.)

उघडण्याची वेळच येऊ नये, असे उपायही निघाले. एससीसीएच्याच स्पेक रेसर फोर्ड गटात इंजिनं सीलबंद येतात, सील तोडण्याची परवानगी फक्त ठरावीक लोकांना. मातीच्या ट्रॅकवरच्या काही गटांत वेगळाच तोडगा आहे. ठरलेली किंमत देऊन प्रतिस्पर्धी तुमचं इंजिन विकत मागू शकतो, म्हणून त्यात कोणी अवाच्या सवा पैसा ओततच नाही.

पण जिथे इंजिन उघडावंच लागतं, तिथे अनामतीची रक्कम ही अडचण राहते. आठवड्याची रजा आणि उधारीचे टायर घेऊन आलेल्या चालकाला हेड काढण्याचा खर्च एकट्याने पुढे करणं जड जातं. त्याची शंका खरी असली तरी तो गप्प बसतो. म्हणून क्लबने प्रवेश फीसोबतच थोडी तपासणी फी सगळ्यांकडून घ्यावी आणि त्या पैशातून इंजिनं स्वतः उघडावीत, हे मला पटतं. मग आज कोणत्या गाडीचं हेड निघणार, हे हरकत घेणाऱ्याच्या खिशावर अवलंबून राहणार नाही.