‘पुढे जा’ या बटणाआधी : मेटाबोलॉमिक्सच्या वेब-साधनांविषयी

मित्रहो, मेटाबोलॉमिक्स म्हणजे रक्त, लघवी यांसारख्या नमुन्यांतल्या चयापचयाच्या लहान रेणूंची एकत्रित मोजणी. आपण तिच्या एका तक्त्यापासून सुरुवात करू. ओळींमध्ये काही रुग्णांचे आणि काही निरोगी व्यक्तींचे रक्तनमुने आहेत, रकान्यांमध्ये मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राने, टिपलेली दोन हजार शिखरे (रेणूंचे संकेत) आहेत आणि प्रत्येक चौकटीत त्या त्या शिखराची तीव्रता आहे. हा तक्ता हाती आला की प्रयोगशाळेतले काम संपते. आणि आपल्यापैकी बहुतेकांनी संख्याशास्त्र जेमतेम परीक्षेपुरते वाचलेले असल्यामुळे खरी पंचाईत तिथूनच सुरू होते. ही पंचाईत ओळखून कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातून जियांगुओ शिया आणि डेव्हिड विशार्ट यांनी २००९ मध्ये ‘मेटाबोअ‍ॅनालिस्ट’ हे अशा तक्त्यांचे विश्लेषण करणारे वेब-साधन खुले केले, आणि २०२४ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली. यंत्रातून निघालेल्या कच्च्या फायलींपासून शिखरे शोधण्यासाठी ‘एक्ससीएमएस ऑनलाइन’ आहे, वस्तुमानाच्या वर्णपटांच्या साम्यावरून रेणूंचे जाळे विणणारे ‘जीएनपीएस’ आहे. मी मात्र मुख्यतः मेटाबोअ‍ॅनालिस्टविषयी बोलणार आहे, कारण आपल्या विद्यार्थ्यांचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो.

तक्ता चढवल्यावर एकामागून एक पाने येतात आणि प्रत्येक पानावर काही पर्याय आधीच निवडून ठेवलेले असतात. ते न वाचता पुढे जाणे सोपे आहे, पण न बदललेला पर्याय हासुद्धा आपणच घेतलेला निर्णय असतो. रिकाम्या चौकटींचेच पाहा. एखादे शिखर एखाद्या नमुन्यात दिसले नाही, तर तो पदार्थ तिथे नव्हताच, की यंत्राच्या पकडीत येण्याइतका नव्हता, की संगणकाला शिखराची कड नीट ओळखता आली नाही? प्रचलित पद्धत दुसरे उत्तर गृहीत धरते आणि त्या रकान्यातल्या सर्वांत लहान धन मूल्याचा एक-पंचमांश तिथे भरते. कारण तिसरे असेल, तर भरपूर असलेल्या पदार्थाच्या जागी आपण नगण्य आकडा लिहून बसतो आणि दोन गटांत नसलेला फरक निर्माण करतो.

यापुढची दोन-तीन पाने नमुन्यांचे मानकीकरण, लॉगरिदम आणि मोजपट्टी यांची आहेत. लघवीच्या नमुन्यांत पाण्याचे प्रमाण माणसागणिक बदलते, एवढे ध्यानात ठेवले तरी मानकीकरणाची गरज पटते.

मग येते ती सर्वांची आवडती आकृती, पीएलएस-डीए, म्हणजे नमुन्यांचे गट वेगळे करून दाखवणारी संख्याशास्त्रीय पद्धत. रुग्णांचे लाल ठिपके एकीकडे, निरोगी व्यक्तींचे हिरवे दुसरीकडे. नमुने वीस आणि शिखरे दोन हजार असली, की नमुन्यांवरच्या गटाच्या चिठ्ठ्यांची सरमिसळ करूनही ही पद्धत दोन सुबक पुंजके काढून देते, कारण तिला गट कोणते हे आधीच सांगितलेले असते. म्हणून चिठ्ठ्या हजार वेळा पिसून खरी विभागणी त्या सगळ्यांहून सरस ठरते का, हे तपासण्याची सोय त्याच साधनात दिलेली आहे. ती एका क्लिकवर असूनही कित्येक प्रबंधांत नसते, याचे मला नवल वाटते.

शेवटचा टप्पा अर्थ लावण्याचा, आणि सर्वांत निसरडा. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचे वस्तुमान तंतोतंत एकच, १३१.०९४६, ग्लुकोज, फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज यांचेही तसेच. केवळ वस्तुमानावरून दिलेले नाव हा अंदाज असतो, ओळख नव्हे. शुझाओ ली यांनी २०१३ मध्ये मांडलेली ‘ममिचॉग’ पद्धत ही अडचण चतुराईने वळसा घालून टाळते : एकेका शिखराची ओळख पक्की न करता, संभाव्य नावांचा थवाच्या थवा एखाद्या चयापचय मार्गावर, म्हणजे शरीरातल्या अभिक्रियांच्या साखळीवर, गोळा होतो का, हे ती पाहते. ममिचॉग हा थव्याने फिरणारा एक लहानसा मासा आहे. नाव समर्पक आहे. तरीही तिने मार्गाबद्दल काही सांगितले म्हणून त्या मार्गावरचा अमुक रेणू सापडला असे लिहिता येत नाही.

नावे पक्की असतील तरी, कोणत्या मार्गात आपले पदार्थ अपेक्षेपेक्षा जास्त आले हे पाहताना आणखी एक प्रश्न उरतो : तुलना कशाशी? समजा, तुमच्या मोजणीच्या तयार किटने फक्त अमिनो आम्ले मोजली आणि तुम्ही ती मानवी चयापचयातल्या सर्व पदार्थांच्या यादीशी ताडली. निकालातल्या मार्गांच्या शिरोभागी ‘अमायनोअसिल-टीआरएनए बायोसिंथेसिस’ (प्रथिने बनवण्यासाठी अमिनो आम्ले टीआरएनए रेणूंना जोडण्याचा मार्ग) येणार हे मी तुमचा डेटा न पाहता सांगू शकतो, कारण त्या मार्गात वीसही अमिनो आम्ले आहेत. तो आजाराचा नव्हे, किटचा निष्कर्ष झाला. प्रत्यक्ष मोजलेल्या पदार्थांचीच यादी संदर्भ म्हणून चढवण्याचा पर्याय त्या पानावर आहे, पण तो आपण होऊन निवडावा लागतो.

एक सोय मात्र फारशी कोणी वापरत नाही. तुम्ही केलेल्या प्रत्येक क्लिकमागची ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणक-भाषेतील आज्ञा तिथेच पडद्यावर उमटत जाते आणि ती सगळी यादी उतरवून घेता येते. काम झाल्यावर ती उतरवून, तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक घालून, शोधनिबंधाच्या पुरवणीत जोडावी. परीक्षकाने रिकाम्या चौकटींविषयी विचारले, तर उत्तर त्या यादीत सापडेल.