कोटलाच्या मैदानावरचे लेफ्टनंट कर्नल: हेमू अधिकारी

नमस्कार. पडद्यावर दिसणारा धावफलक फेब्रुवारी 1959 मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर झालेल्या कसोटीचा आहे. मालिका भारताने आधीच गमावली होती, समोर वेस्ट इंडिजच्या वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट यांचा तुफानी मारा होता, आणि पॉली उम्रीगर, गुलाम अहमद व विनू मंकड यांच्यानंतर त्या एकाच मालिकेतील भारताचा चौथा कर्णधार नाणेफेकीसाठी निघाला होता. त्याचे वय 39 होते आणि तो भारतीय लष्करात सेवेत असलेला अधिकारी होता. त्याचे नाव हेमचंद्र रामचंद्र अधिकारी. क्रिकेटप्रेमी त्यांना हेमू अधिकारी म्हणत.

त्या सामन्यात त्यांनी 63 आणि 40 धावा केल्या, आणि वेस्ट इंडिजने 8 बाद 644 धावांचा डोंगर रचत असताना स्वतः लेगस्पिन टाकून 68 धावांत 3 बळी घेतले. त्यांच्या कसोटी कारकिर्दीतील सर्व बळी एवढेच. चंदू बोर्डे यांनी 109 आणि 96 धावांच्या दोन अप्रतिम खेळी केल्या, सामना अनिर्णित राहिला, आणि सलग तीन पराभव सोसलेल्या संघाला थोडा श्वास घेता आला. अधिकारी पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

ते मूळचे पुण्याचे. जन्म 31 जुलै 1919 चा. वयाच्या सतराव्या वर्षी, 1936-37 च्या हंगामात, त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पाऊल टाकले आणि पुढे गुजरात, बडोदा व सेनादल या संघांकडून ते खेळले. पहिली कसोटी मात्र 1947 च्या अखेरीस, ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनला, म्हणजे वयाची अठ्ठावीस वर्षे पूर्ण झाल्यावर मिळाली, कारण फलंदाजाच्या उमेदीची वर्षे दुसऱ्या महायुद्धाने गिळली होती आणि त्या काळात भारत एकही कसोटी खेळला नव्हता. नंतरच्या वर्षांत लष्कराच्या जबाबदाऱ्या आड येत राहिल्या. म्हणूनच 21 कसोटी, 872 धावा आणि 31 च्या आसपासची सरासरी एवढ्यावरून त्यांची योग्यता ठरवणे मला अन्यायाचे वाटते. प्रथम श्रेणीत, जिथे त्यांना पुरेशी संधी मिळाली, तिथे त्यांनी 41 हून अधिक सरासरीने आठ हजारांवर धावा केल्या, आणि सेनादलाने 1956-57 व 1957-58 अशा लागोपाठच्या दोन हंगामांत रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली, ती त्यांच्याच नेतृत्वाखाली.

त्यांचा खरा स्वभाव दिसतो तो संघ अडचणीत असताना, आणि योगायोग असा की त्यांच्या मोठ्या आठवणी कोटलाशीच जोडलेल्या आहेत. नोव्हेंबर 1948 मध्ये याच मैदानावरील पहिल्या कसोटीत वेस्ट इंडिजच्या चार फलंदाजांनी शतके ठोकून 631 धावा उभारल्या. भारताला फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी करण्याची पाळी, मिळाला, तरी अधिकारी पहिल्या डावात 114 आणि दुसऱ्या डावात 29 धावांवर नाबाद राहिले, आणि सामना वाचला. कसोटीतील त्यांचे हे एकमेव शतक.

चार वर्षांनी, ऑक्टोबर 1952 मध्ये, पाकिस्तान आपली पहिलीवहिली कसोटी खेळायला तिथेच आला. भारताचे नऊ गडी 263 धावांत बाद झाले होते. अकराव्या क्रमांकावर आलेल्या गुलाम अहमद यांना साथीला घेऊन अधिकारी यांनी शेवटच्या गड्यासाठी 109 धावा जोडल्या; गुलाम अहमद यांनी 50 केल्या आणि अधिकारी 81 वर नाबाद राहिले. मंकड यांनी सामन्यात 13 बळी घेऊन विजय खेचून आणला, हे सर्वांना आठवते. तो विजय डावाने मिळाला, यात या भागीदारीचा वाटा किती मोठा होता, हे सहसा सांगितले जात नाही. दहाव्या गड्यासाठीचा हा भारतीय विक्रम 52 वर्षे टिकला. डिसेंबर 2004 मध्ये ढाक्याला सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी तो मोडला.

आता क्षेत्ररक्षणाविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. अधिकारी कव्हर पॉइंटला, म्हणजे फलंदाजाच्या ऑफ बाजूला, उभे राहत, आणि चेंडू अडवण्यासाठी अंग झोकून देण्याची रीत भारतीय क्रिकेटमध्ये फारशी रुजलेली नसताना त्या जागी त्यांचा दरारा होता. 1971 मध्ये अजित वाडेकर यांचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा व्यवस्थापक म्हणून लेफ्टनंट कर्नल अधिकारी सोबत होते, आणि तंदुरुस्ती व झेल यांबाबत त्यांनी सैनिकी शिस्त लावली. लंडनच्या ओव्हल मैदानावरील कसोटीत दुसऱ्या डावात इंग्लंड 101 धावांत गारद झाला. भागवत चंद्रशेखर यांनी 38 धावांत 6 बळी घेतले, पण फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभ्या असलेल्या एकनाथ सोलकर यांनी वेंकटराघवन यांच्या चेंडूवर ॲलन नॉटचा झेपावून जो झेल घेतला, तो नसता तर नॉटने सामना हातचा नेला असता, असे मला वाटते. 24 ऑगस्टला भारत चार गडी राखून जिंकला आणि इंग्लंडमध्ये प्रथमच मालिका विजय मिळाला.

1974 च्या दौऱ्यातही कर्णधार वाडेकर आणि व्यवस्थापक अधिकारीच होते. त्या वेळी लॉर्ड्सवर भारताचा डाव 42 धावांत आटोपला आणि मालिका 3-0 अशी गेली. अधिकारी यांच्याबद्दल बोलताना हा उन्हाळा वगळणे योग्य नाही. पण त्यांच्या व्यवस्थापनाखाली खेळलेल्या सोलकर यांनी 27 कसोटींत 53 झेल घेतले, आणि ज्या काळात फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, शिरस्त्राणाशिवाय उभे राहत, त्या काळात ते घेतले, हेही वगळता येत नाही. 25 ऑक्टोबर 2003 रोजी मुंबईत हेमू अधिकारी यांचे निधन झाले, तेव्हा कोटलावरील त्या 109 धावांचा विक्रम अजून त्यांच्याच नावावर होता.