आडवं हसू

(काळा पडदा. हिरव्या अक्षरांची एक ओळ हळूहळू उमटते.)

एका लिफ्टपासून सुरुवात करू.

सप्टेंबर १९८२. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग. इथली मंडळी कामाच्या मधल्या वेळात नेटवर्कवरच्या सूचनाफलकावर गप्पा मारायची. त्या आठवड्यात विषय निघाला लिफ्टचा. समजा, दोर तुटला आणि लिफ्ट सरळ खाली पडायला लागली. आत एक पेटती मेणबत्ती आहे आणि फरशीवर पाऱ्याचा एक थेंब. पडता पडता त्या दोघांचं काय होईल? भौतिकशास्त्राचं कोडं, डोकं खाजवायला छान. मग एकाने त्यावर गमतीने इशारा लिहिला: नुकत्याच झालेल्या प्रयोगामुळे सगळ्यात डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, थोडं जळलंही आहे.

ज्यांनी कोडं वाचलं होतं ते हसले. ज्यांनी नेमकी तेवढीच ओळ वाचली, त्यांच्यातल्या काहींना ते खरं वाटलं.

समोरासमोर बसून हेच बोललं असतं तर घोळ झालाच नसता. आवाज थोडा चढतो, डोळे बारीक होतात, आणि समोरच्याला कळतं की हा खेचतोय. टाइप केलेल्या अक्षरांना आवाजही नसतो आणि डोळेही नसतात. तेव्हा आता उपाय काय, यावरच गप्पा सुरू झाल्या. कुणी म्हणालं, विनोदापुढे तारा काढा. कुणी म्हणालं, टक्क्याचं चिन्ह द्या. कुणाला & हे चिन्ह पोट धरून हसणाऱ्या लठ्ठ माणसासारखं दिसलं, तर कुणाला # मध्ये ओठांमधून दिसणारे दात. म्हणजे आधी एक थट्टा, आणि मग थट्टा ओळखायची कशी याची तितकीच मन लावून केलेली चर्चा.

१९ सप्टेंबरला, सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी, स्कॉट फालमन या संशोधकाने काही ओळी लिहिल्या.

(पडद्यावर फक्त तीन चिन्हं :-) आणि ती सावकाश वळून उभी होतात.)

विनोदासाठी ही खूण वापरू, असं तो म्हणाला. पुढे एवढंच: आडवं वाचा. मग त्याने आणखी एक गोष्ट सुचवली, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. सध्याची एकंदर तऱ्हा पाहता, जे विनोद नाहीत त्यांनाच खूण केलेली परवडेल, असं म्हणून त्याने दुसरं चिन्ह दिलं :-( म्हणजे आज आपण ज्याला दुःखी चेहरा म्हणतो, त्याचा पहिला अर्थ दुःख नव्हताच. ‘हे मी खरं सांगतोय’ एवढाच होता. आणि त्या संदेशाच्या पहिल्याच वाक्यात व्याकरणाची एक चूक आहे, घाईत लिहिताना कुणाचीही होईल अशी. मला ती चूक फार जवळची वाटते. काही थोर लिहितोय असं त्या माणसाच्या मनातही नव्हतं, हे तिच्यातून दिसतं.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या या गप्पांना बाहेरचे लोक टाइमपास म्हणतात. मी म्हणणार नाही. या जगात काय घडलं ते अधिकृत कागदांवर मिळतं. ते कसं घडलं, कुणाला आधी शंका आली, कोण कशावर हसलं, हे मात्र गप्पांमध्येच सापडतं.

(कीबोर्डचा आवाज. जुना टर्मिनल.)

ऑगस्ट १९८८. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन या विद्यार्थ्याने एक प्रोग्राम लिहिला. अनेकांना एकाच वेळी गप्पा मारता याव्यात म्हणून. त्याचं नाव इंटरनेट रिले चॅट, आयआरसी. त्याआधी तिथे असाच एक छोटा प्रोग्राम होता, त्याची जागा याने घेतली आणि मग तो जगभर पसरला. एक संदेश जास्तीत जास्त ५१२ अक्षरांचा, ओळ संपवणारी शेवटची चिन्हं धरून. त्यामुळे बोलणं तुटक, चपळ, चटकन उत्तर देणारं. चॅनेल म्हणजे एकेका विषयाची गप्पांची खोली; तिच्या नावाआधी # लावायची रीत तिथलीच. २००७ च्या ऑगस्टमध्ये ट्विटरवर विषय एकत्र करायला हेच चिन्ह वापरू या, असं ख्रिस मेसिना यांनी सुचवलं तेव्हा डोळ्यांपुढे आयआरसीची चॅनेलंच होती. तो हॅशटॅग आज संगणकाशी काही देणंघेणं नसलेली माणसंही सहज टाकतात.

पण आयआरसीमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट त्याहून बारीक आहे. १९९३ मध्ये त्याचे नियम लिखित स्वरूपात आले. त्यात एक नियम वाचून नवखा माणूस थबकतो: [ आणि { ही दोन चिन्हं एकाच अक्षराची मोठी आणि लहान रूपं समजावीत. का? तर फिनलंड आणि स्वीडनमधल्या त्या काळच्या संगणकांवर कंसांच्या जागी तिथली स्वरांची अक्षरं बसवलेली असत. मोठा Ä एका कंसाच्या जागी, लहान ä दुसऱ्याच्या. पुढे आयआरसी जगभर गेलं, ती अक्षरं मागे राहिली, नियम मात्र टिकला. कुठल्याही देशात कुणी टोपणनावात चौकोनी कंस घातला, तरी औलूतली ती भाषा अजून तिथे हजर असते.

या मंडळींची थट्टाही वेगळ्या जातीची. ती नेमकी असते, आणि तिच्यामागे पुरता अभ्यास असतो.

(पंखांची फडफड.)

इंटरनेट कसं चालावं याचे तांत्रिक दस्तऐवज क्रमांकाने प्रसिद्ध होतात. १ एप्रिल १९९० रोजी ११४९ क्रमांकाचा दस्तऐवज आला, डेव्हिड वेट्झमन यांचा. विषय: कबुतरांवरून इंटरनेटचा डेटा पाठवणे. भाषा अगदी सरकारी थाटाची, शब्द न् शब्द नियमात. पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, कागदाच्या छोट्या गुंडाळीवर छापावं, गुंडाळी पक्ष्याच्या एका पायाला गुंडाळून चिकटपट्टीने पक्की करावी. एप्रिल फूल म्हणून लोकांनी वाचलं, हसले, एकमेकांना पाठवलं.

अकरा वर्षांनी नॉर्वेतल्या बर्गेनच्या, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या गटाने ते खरोखर करून पाहिलं. २८ एप्रिल २००१. खरी कबुतरं, खरे कागद आणि ‘पिंग’ ही रोजची आज्ञा, जी पलीकडच्या संगणकाला नुसतं विचारते, आहेस का? नऊ पॅकेटं पाठवली. चारांची उत्तरं आली. सगळ्यात लवकर आलेल्या उत्तराला ३,२११ सेकंद लागले, म्हणजे पाऊण तासाहून जास्त. सगळ्यात उशिराच्या उत्तराला ६,३८८ सेकंद, म्हणजे पावणेदोन तास. आणि शेवटी संगणकाने आपल्या नेहमीच्या पद्धतीने हिशोब छापला: ५५ टक्के पॅकेटं हरवली.

त्या आकड्याकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो. मध्ये कबुतर आहे हे संगणकाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. मधलं वाहन काहीही असो, तार असो, प्रकाश असो की पंख, पॅकेट पोचलं की काम झालं. इंटरनेट ज्या विचारावर उभं आहे तो हाच, आणि एका थट्टेने तो जितका स्वच्छ दाखवला तितका फार थोड्या पाठ्यपुस्तकांनी दाखवला असेल.

१९९८ च्या १ एप्रिलला असाच आणखी एक दस्तऐवज आला, कॉफीच्या यंत्रासाठी. चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितलं तर तिने उत्तर द्यावं ‘४१८: मी किटली आहे’. पुढे हा आकडा खऱ्या सॉफ्टवेअरमध्येही शिरला. २०१७ मध्ये तो काढून टाकू या असं सुचवलं गेलं, तेव्हा तो वाचवायला लोक धावून आले. तो राहिला.

हमरीतुमरीसुद्धा याच गप्पांचा भाग. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांमध्ये वाद पेटला. ‘स्लीप’ नावाची एक आज्ञा आहे, संगणकाला अमुक सेकंद थांब म्हणून सांगणारी. तिला पूर्ण सेकंदांऐवजी सेकंदाचा अपूर्णांक देता यावा का? एवढ्यावरून पत्रांमागून पत्रं. तेव्हा पॉल-हेनिंग कॅम्प यांनी एक जुना दाखला दिला. अणुभट्टीचा आराखडा मिनिटांत मंजूर होतो, कारण तो कुणालाच कळत नाही. सायकलींच्या शेडला रंग कोणता द्यायचा यावर मात्र प्रत्येकाला मत असतं. त्या दिवसापासून क्षुल्लक गोष्टीवरच्या लांबलचक वादाला या क्षेत्रात ‘बाइकशेड’ म्हणतात. भांडणातून एक शब्द मिळाला, आणि तो शब्द आज पुढची भांडणं थांबवतो.

सेकंदाचा अपूर्णांक. या गोष्टीत तो आणखी एकदा येतो, आणि या वेळी क्षुल्लक नसतो.

(शांतता. पडद्यावर दोन आकडे: ०.२९९ आणि ०.८०७.)

मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हे डेटाबेसवर काम करणारे अभियंता काही वेगळंच मोजत होते. दूरच्या संगणकावर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. आधी ०.२९९ सेकंद, आता ०.८०७. दुसरा कुणी म्हणाला असता, मशीन थकलंय. ते मागे लागले. माग निघाला तो एक्सझेड या सॉफ्टवेअरपर्यंत. डेटा दाबून लहान करणारं हे साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणारं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. २९ मार्चला त्यांनी ते सगळ्यांसमोर मांडलं. बहुतेक सर्व्हरांवर त्या आवृत्त्या अजून पोचल्या नव्हत्या. थोडक्यात निभावलं.

त्यानंतर जे घडलं त्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे. चोरदरवाजा ज्या खात्यावरून आला त्याचं नाव जिया तान. लोक मागे जाऊन वाचायला लागले. २०२१ पासूनचे बदल, पत्रं, उत्तरं. २०२२ मधल्या गप्पांमध्ये अनोळखी नावांनी येऊन कुणीकुणी एक्सझेड मुळात सांभाळणाऱ्या माणसाच्या मागे लागलेलं दिसलं: काम फार हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला हाताशी घ्या. आणि तो माणूस शांतपणे सांगतोय की हा बिनपगारी छंद आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं. लिहिली गेली तेव्हा ती वाक्यं रोजच्या कुरबुरीसारखीच होती. दोन वर्षांनी सलग वाचल्यावर त्यातला डाव उघडा पडला. मदत करायला आलेल्या ‘नव्या माणसाला’ जागा करून देण्यासाठी एका दमलेल्या माणसावर चढवलेला दबाव.

हे दिसू शकलं ते एकाच कारणाने. त्या गप्पा उघड्यावर झाल्या होत्या आणि कुणी पुसल्या नव्हत्या.

छंद हा शब्द इथे पुन्हा भेटतो. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने असंच सहज लिहून टाकलं होतं की एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, नुसता छंद, काही मोठं वगैरे होणार नाही. ते लिनक्स होतं. ती ओळही आज वाचता येते, कारण ती कुणीतरी ठेवली.

गेल्या दहा-बारा वर्षांत या गप्पा बंद खोल्यांत गेल्या आहेत. आमंत्रण असेल तर आत, नाही तर दारसुद्धा दिसत नाही. शोधयंत्र तिथे पोचत नाही. काही ठिकाणी फुकट वापरणाऱ्यांना नव्वद दिवसांपलीकडचं बोलणं दिसतच नाही. खाजगीपणाची गरज मला मान्य आहे. चार मित्रांनी चार भिंतींत बोलावंच. पण एखाद्या सॉफ्टवेअरमधला विचित्र बग कसा सुटला, हे फक्त तिथे लिहिलेलं असेल तर तीन महिन्यांनी त्याच बगवर अडकलेला माणूस पुन्हा शून्यापासून सुरू करतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

(चुंबकीय टेपची रिळं. एक रीळ सावकाश फिरतं.)

टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणक सांभाळणाऱ्या हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून दहा वर्षं यूजनेट या जुन्या, विषयवार चर्चांच्या जाळ्यावरचं बोलणं टेपवर उतरवून ठेवलं. १४१ टेपा. त्यात तांत्रिक प्रश्न आहेत, भांडणं आहेत, पाककृती आहेत, विनोद आहेत. २००१ च्या शेवटी गूगलने जुन्या यूजनेटचा संग्रह लोकांपुढे खुला केला, तेव्हा त्यातल्या सुरुवातीच्या वर्षांचा मोठा भाग या टेपांवरून आला.

आणि ते आडवं हसू? फालमन यांनी तो संदेश जपून ठेवला नव्हता. वीस वर्षं लोक त्याबद्दल नुसतं ऐकत होते, मूळ कुणाकडेच नव्हतं. २००२ मध्ये माइक जोन्स यांच्या पुढाकाराने शोध सुरू झाला. कार्नेगी मेलनच्या जुन्या बॅकअप टेपा हुडकल्या, त्या वाचू शकणारं यंत्र मिळवलं, आणि जेफ बेअर्ड यांना १० सप्टेंबरला तो संदेश सापडला. वेळ ११:४४, व्याकरणाची चूक जशीच्या तशी.

तो एकटा नव्हता. त्याच्या आधीचं सगळं बोलणंही टेपवर होतं. मेणबत्ती, पाऱ्याचा थेंब, तो इशारा, & आणि # वरचा वाद. १९८२ मध्ये ज्यांनी फक्त शेवटची ओळ वाचली ते घाबरले होते. आता कुणालाही ते पहिल्या ओळीपासून वाचता येतं.

(पडद्यावर लिफ्टचं कोडं, मूळ अक्षरांत, सावकाश वर सरकत जातं.)